पुलावरची म्हातारी

४ ऑगस्ट

आईने आज माझा गेमचा कन्सोल पुसला. ओल्या फडक्याने! वीसेक वर्षं जिवापाड जपलेलं मशीन, आणि ही बाई त्यावर ओलं फडकं फिरवते! मी ओरडलो. तर म्हणाली, "एवढं जपतोस, मग खेळत का नाहीस?" खेळू कुठे? बाबा गेल्यावर ती माझ्याकडे आली, तिचा पलंग टीव्हीसमोर लागला, आणि मी बाहेर सोफ्यावर. सोफा पायांना पुरत नाही.

जेवताना हळूच म्हणाली, "मी ताईकडे जाऊ का राहायला? तिचं घर मोठं आहे. इथे तुझी अडचण होते." मी म्हटलं, बरं. तिने मान हलवली, पाणी प्यायलं, ताटं उचलली. लगेच ताईला फोनही केला. महिनाअखेरीला न्यायला येणार, कायमचं. सुटलो एकदाचा!

६ ऑगस्ट

ऑफिसातला नवा पोरगा जेवणाच्या सुट्टीत मला गेम शिकवत होता. मला! ह्यांच्या गेममध्ये कुठे जायचं ते बाण दाखवतो. बाण! आमच्या वेळी गावातल्या प्रत्येक माणसाशी बोलायचं, त्याने काय सांगितलं ते लक्षात ठेवायचं, आणि तरीही जंगलात हरवायचं. त्याला म्हटलं, बाणच हवा असेल तर खेळतोस कशाला, दुसऱ्याला खेळताना बघत बस की. तर म्हणे, "बघतो ना!"

बाकी दिवस नेहमीचा. विम्याचे दावे तपासले, बहुतेकांना नाही म्हणून टाकलं. साहेब खूश.

९ ऑगस्ट

घरी आलो तर आई खेळत होती! कंट्रोलर उलटा धरून. आणि गेम कुठला निवडला, तर माझा सगळ्यात लाडका, दोन डिस्कवाला. चौघं जण जग वाचवायला निघतात, तो. नायकाला नाव देता येतं. तिने दिलं गुंड्या. म्हणजे माझं घरातलं नाव. राक्षसांचा कर्दनकाळ गुंड्या! कपाळावर हात मारून घेतला.

ह्या गेममध्ये लढाईतसुद्धा एकेकाची पाळी येते. आईला ते फार आवडलं. "एकाचं होईपर्यंत दुसरा गप्प थांबतो. तुम्हा भावंडांना हे कधी जमलं नाही."

१२ ऑगस्ट

गावात शिरलं की प्रत्येक घरात जायचं, कपाटं उघडायची, असेल ते घ्यायचं. जगभर सगळे असंच खेळतात. आईला पटत नाही. "लोकांच्या कपाटात हात घालायचा? तेही ते समोर उभे असताना?" मग तिचा गुंड्या घरोघरी जातो, सगळ्यांची विचारपूस करतो आणि हात हलवत परत येतो. भिकारी नायक. शोभतो माझ्या नावाला!

१३ ऑगस्ट

आज आई एकही लढाई लढली नाही. सगळ्यांतून पळाली. "उगाच कशाला!"

१७ ऑगस्ट

चौघांत एक म्हातारी आहे. जखमा बऱ्या करते, बाकी शून्य. मंद. एका फटक्यात आडवी. जो थोडाफार जाणकार आहे तो तिला मागे ठेवून विसरून जातो. आणि आमच्या मातोश्री? चांगलं कवच म्हातारीला, चांगले बूट म्हातारीला. "आधी तिला घेऊ. गुडघे बघ तिचे." गुडघे! चार ठिपक्यांची बाई, तिला कसले आलेत गुडघे! धर्मशाळा दिसली की आजीबाईंना झोपवायचं. जग बुडेना का तिकडे!

शेवटच्या लढाईसाठी राखून ठेवायचं औषध असतं. मी इतक्या वेळा गेम संपवला, एकदाही ते वापरलं नाही, इतकं राखलं. आईने म्हातारीला दिलं. साध्या जखमेवर. "औषध घरात ठेवून माणसाला कण्हू द्यायचं का?"

पुढे काय होणार ते मला माहीत आहे. दुसऱ्या डिस्कवर म्हातारी मरते. पुलावर. अंगावर असेल नसेल ते तिच्याबरोबर जातं. म्हणून जाणकार लोक आधीच तिच्या अंगावरचं सगळं उतरवून घेतात. मी मुळीच सांगणार नाही. बसू दे फटका!

२१ ऑगस्ट

सांगितलं शेवटी. राहवलं नाही. "आई, बूट-कवच काढून घे. ती मरणार आहे." आईने टीव्हीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"मरणार आहे, म्हणून आत्ताच काढून घेऊ?"

वर म्हातारीला एक शालही घेतली. विकत.

२४ ऑगस्ट, रविवार

पूल आला. मागून राक्षसांची फौज. म्हातारी थांबते, वळते, म्हणते, "तुम्ही पुढे व्हा. मी मागे थांबते. चालेल ना?" खाली दोन पर्याय, ‘हो’ आणि ‘नाही’.

आईला समजावलं की हे नाटक आहे. नाही म्हटलं तर ती पुन्हा तेच विचारते. हो म्हणेपर्यंत विचारत राहते. दोनदाच्या वर कुणी ‘नाही’ दाबत नाही. मी तर पहिल्याच फटक्यात हो म्हणतो, वेळ वाचतो.

आईने ‘नाही’ दाबलं. म्हातारीने पुन्हा विचारलं. आईने पुन्हा ‘नाही’ दाबलं. मी दाढी करून आलो, चालूच. खाली जाऊन दूध आणलं, चालूच!

"आई, काही उपयोग नाही त्याचा."

"उपयोग कशाला हवा? नाही म्हणतेय तोवर ती इथे आहे ना?" आणि मग, टीव्हीकडेच बघत, "म्हातारं माणूस ‘मी थांबते, मी जाते’ असं म्हणतंच रे. लगेच हो म्हणायचं नसतं."

मी टीव्ही बंद करायला उठलो. "राहू दे," म्हणाली. राहू दिला.

२६ ऑगस्ट

कन्सोल अजून चालू आहे. पुलावर गेम सेव्ह होत नाही, म्हणजे बंद केला की संपलं. इतकं जुनं मशीन, तव्यासारखं तापलंय. जळणार एक दिवस. आई बॅग भरतेय. साड्यांच्या घड्या घालता घालता उठते, ‘नाही’ दाबते, परत घड्या घालायला बसते.

बाबांचा चष्मा तिने सगळ्यात शेवटी ठेवला. रुमालात गुंडाळून.

२७ ऑगस्ट

आई देवळात की बाजारात कुठेतरी गेली होती. म्हातारी विचारत होती. मी ‘नाही’ दाबलं.

२९ ऑगस्ट

ऑफिसात काम सुचेना. दिवसभर अनोळखी लोकांना नाही म्हणण्याचा पगार घेतो. कुणी रडो, कुणी हातापाया पडो, माझं नाही ते नाही. आणि घरात एकदा म्हणायचं होतं, एकदाच, तर तोंडातून काय निघालं? बरं! सोफा पायांना पुरत नाही म्हणून! नवा पोरगा बाण बघून चालतो म्हणून त्याला हसलो. मला तर बाण दाखवूनही कळलं नसतं. आई किती हळू विचारत होती. लाज वाटते.

परवा ताई येणार.

३१ ऑगस्ट, रविवार

ताई आली. आई बॅग घेऊन दारात. "मग जाऊ ना मी?"

"नाही."

"अरे, ती एवढ्या लांबून आलीय. जाऊ ना?"

"नाही."

ताई म्हणाली, तुम्हा दोघांना वेड लागलंय. आईने बॅग खाली ठेवली आणि पुन्हा विचारलं. विचारताना हसत होती.