उणे वापर

४ मार्च
आलो एकदाचा नव्या गावात. पाणीपुरवठा खात्याने दिलेलं घर दोनच खोल्यांचं, पण नळाला दिवसभर पाणी. आईने पिशव्या ठेवायच्या आधी सगळे नळ सोडून पाहिले आणि मुलाला शिकवल्याचं आज सार्थक झालं, असं जाहीर केलं. माझं काम संगणकावरचं. गावातल्या पाइपांचं अख्खं जाळं मांडायचं, दाब कुठे किती उतरतो, किती परत चढतो, ते गणित करायचं आणि गल्लीतल्या दाबमापकांशी जुळवायचं. सकाळी लोक पाणी भरतात तेव्हा दाब उतरतो, वापर थांबला की चढतो. नवी टाकी कुठे बांधायची ते माझ्या गणितावर ठरणार, त्यामुळे छाती उगाच फुगली आहे.

९ मार्च
जुळत नाही. दाब उतरतो तो बरोबर, चढताना मात्र माझ्या आकड्याच्या वर जातो. शेवटच्या गल्लीत कुठून तरी जास्तीचं पाणी जाळ्यात येतंय, असं दिसतं. टाकीतून तेवढं सुटत नाही. मापकं बदलली, झडपा तपासल्या, डोक्याचा भुगा झाला. जेवताना तरी पाइप बाजूला ठेव, असं आईने सुनावलं. मी ताटाशेजारीच कागद पसरला.

१२ मार्च
शेवटी सगळे करतात तेच केलं. त्या गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंप्याच्या घराशी जो सांधा आहे, तिथे वापराच्या रकान्यात उणे आकडा टाकला. म्हणजे हे घर पाणी घेत नाही, उलट देतं. अर्थ शून्य, पण दोन्ही रेषा तंतोतंत बसल्या. साहेबांनी पाठ थोपटली. माझ्या आधीच्या माणसानेही असंच जुळवलं होतं म्हणाले. तो मध्येच नोकरी सोडून गेला. येताना त्याच शिंप्याकडे पँट शिवायला टाकली. गप्पिष्ट माणूस आहे.

१८ मार्च
पँट आणायला गेलो तर शिंपी ओळखू येईना. ओठांना भेगा, हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहते. त्याची बायको सांगत होती, दिवसभर पाणी पितात, सलाईनही लावली, सगळं कुठे जातं देव जाणे. ती रडत होती. त्यालाही रडायचं होतं, पण डोळे कोरडेच राहिले. मी घरी येऊन तहान नसताना दोन ग्लास पाणी प्यायलो.

२० मार्च
डोक्यात आलंय ते कुणाला सांगायची सोय नाही. खुळेपणा आहे हे स्वतःला पटावं म्हणून तो आकडा शिंप्याच्या घरावरून काढून आमच्या घरावर टाकला. रेषा तशाच जुळल्या. आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. आणि आजपासून जास्तीचा दाब आमच्याच गल्लीत चढतोय.

२२ मार्च
शिंपी दुकानात बसलाय, गिऱ्हाइकांशी हसतोय. मी ठणठणीत.
आईचा आवाज मात्र बसलाय.

२३ मार्च
आई कांदा चिरत होती. डोळ्यांत टिपूस नाही. बरं झालं, एक कटकट गेली, म्हणाली. मला भीती वाटते. घरातल्या सगळ्यात अशक्त माणसालाच धरतं हे.

२४ मार्च
आई आज अंथरुणातून उठली नाही. आकडा पुसतो, सकाळी पुन्हा आमच्यावर असतो. फक्त हलवता येतो. कुठे हलवू? सगळीकडे माणसं. टेकडीखाली एक घर नकाशात रिकामं आहे. तिथे टाकला.

२६ मार्च
आई उठली! चहा केला, माझ्या दाढीवरून बोलली. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

२७ मार्च
त्या घरावरून गेलो. दोरीवर दुपटी वाळत होती. नवं बिऱ्हाड, बाळंतीण. शेजारीण सांगत होती, बाळ दूध पितं, पण कालपासून दुपटं ओलंच —

२८ मार्च
टाकीवर टाकून पाहिला, घेत नाही. झडपेवरही नाही. माणसांचं घरच लागतं. साहेबांचं? दोन लहान मुली. शिंपी — नाही. त्याने एकदा भोगलंय.
आमचं. मी एकटा असेन तर. आईला म्हटलं, ताईकडे जाऊन ये. तुला या अवस्थेत टाकून कुठे जाऊ, म्हणाली. ओरडलो, हात जोडले. हलत नाही.

दुपार
बाळाला दवाखान्यात नेलंय. सलाईन लागू पडत नाही.
साहेबांचा फोन. गणित पक्कं झालं, संध्याकाळी वर पाठवणार. मग आकड्याला कुणालाच हात लावता येणार नाही. जिथे आहे तिथेच —

आमच्या घरावर आणलाय. बदल पक्का करायचं बटण दाबायचं बाकी. बोट पुढे होत नाही.
आई आतून विचारतेय, पाणी आणू का तुला. नको म्हटलं. तू पी. आई, तूच पी, पोटभर पी, मी तोवर —