सव्वीस वर्षांचा अध्यक्ष

१६ मे २०२२, सोमवार
राणीला गादीवर बसून सत्तर वर्षं झाली. गल्लीत झेंड्यांच्या माळा लागल्या. बघूनच दमलो. संकल्प : ५ जूनला गल्लीच्या मेजवानीत फलक घेऊन उभं राहायचं. मजकूर तयार आहे : ‘सत्तर वर्षं! आता पुरे. निवडणूक घ्या.’ हिलरी म्हणाली, "उभा राहा की. पण आधी आपलं टेबल रस्त्यावर काढून दे."
बायकोकडून घरचा आहेर मिळणारच. चालायचंच.

१९ मे, गुरुवार
प्रजासत्ताक मंडळाची मीटिंग. लायब्ररीची मागची खोली. उपस्थिती चार, म्हणजे शंभर टक्के : अध्यक्ष मी, सेक्रेटरी नॉर्मन टकवेल, चहाला हिलरी आणि नवी मेंबर बेथन. बेथन वेल्सची, शाळेत इतिहास शिकवते. वेल्स एक दिवस इंग्लंडला रामराम ठोकणार, म्हणते. मी म्हटलं, आधी राजेशाही जाऊ दे, मग घरच्या वाटण्या बघू.
तिने विचारलं, "अध्यक्षांची निवडणूक शेवटची कधी झाली?" नॉर्मनने वही चाळली. १९९६. मी शांतपणे समजावलं की दुसरा उमेदवारच नव्हता, तक्रारही कुणाची नाही आणि लोकांना ओळखीचा चेहरा बरा वाटतो. हिलरीला चहाचा ठसका लागला.

२४ मे, मंगळवार
माझ्यानंतर कोण? फ्रान्सिसला फोन केला. माझीच मुलगी, घरातच तालीम झालेली. म्हणाली, "बाबा, मंडळ राहू दे. मेजवानीला येतेय. पोरीने सगळ्यांसाठी कागदी मुकुट केलेत."
जबाबदारीची जाणीवच नाही हल्ली.

५ जून, रविवार
पाऊस. टेबलं मीच काढली, त्यांचे घडीचे पाय दुसऱ्या कुणाला उघडता येत नाहीत. फलक घेऊन उभा राहिलो. शाई ओघळली. ‘सत्तर वर्षं!’ एवढंच उरलं.
शेजारच्या मिसेस लव्हग्रोव्ह गहिवरल्या. "शेवटी तुम्हीसुद्धा आलात," म्हणाल्या आणि केक दिला. मी माझा मुद्दा मांडला. त्या म्हणाल्या, "ती आहे तोवर राहू द्या हो. किती केलंय बिचारीने. नंतर बघू." या देशात चाळीस वर्षं हेच ऐकतोय. केक खाल्ला. नातीने डोक्यावर मुकुट ठेवला, तो पावसासाठी राहू दिला.

९ जून, गुरुवार
बेथनने निवडणुकीची मागणी केली. मी चाळीस मिनिटं बोललो. गुप्त मतदान. बेथन तीन, मी एक.
तीन.
घरी येईपर्यंत हिलरीशी बोललो नाही. मग तीच बोलली. "हो, मी तिलाच मत दिलं. दर गुरुवारी तू मोजे न काढता झोपतोस, डेस्मंड. दमलायस तू. मला तू घरी हवायस." खूप लागलं. दमलोय हेही खरं, पण ते मी सांगायचं होतं, मतपेटीने नव्हे.

१३ जून, सोमवार
नॉर्मनचा फोन. समितीने, म्हणजे त्या तिघांनी, मला तहहयात मानद अध्यक्ष केलंय. मत नाही, ठराव मांडायचा नाही. सुरुवातीला चार शब्द वाचायचे आणि पाहुण्यांशी हात मिळवायचे. मंडळाचं माझ्यावाचून अडणार, हे माहीतच होतं. कर्तव्य म्हणून स्वीकारलं.

२३ जून, गुरुवार
माझ्या खुर्चीवर उशी होती. बेथनने लिहिलेलं भाषण मी वाचलं : "माझी समिती यंदा शाळांमध्ये चार व्याख्यानं घेईल." व्याख्यानं मला पसंत नाहीत. तरी नीट वाचलं. मी बसेपर्यंत तिघंही उभी होती. पद्धत वाईट नाही.
परतताना हिलरीला विचारलं, माझ्यानंतर हे पद कुणाला? म्हणाली, "कुणालाच नाही. खरं तर असलं पद ठेवायचंच नव्हतं. मग सगळे म्हणाले, तो आहे तोवर राहू दे. किती केलंय बिचाऱ्याने."
घरी आलो, मोजे काढले आणि झोपलो.