फळीला आलेलं पोट

३ मार्च, सोमवार
आत्याकडे मुक्काम हलवला. मागची नोकरी मला झेपली असती, पण तिला मी झेपलो नाही. फुकट राहतो असं कोणी म्हणू नये म्हणून जबाबदारी घेतली : आत्याचा डोळा. डाव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग दोन वर्षांपूर्वीच गेला, वयाने झिजतो म्हणे. सगळी मदार उजव्यावर. डॉक्टर मॅडमनी तक्ता दिलाय. नुसत्या चौकटी आणि मधे ठिपका. रोज सकाळी डावा झाकून ठिपक्याकडे बघायचं. रेषा वाकड्या दिसल्या की त्याच दिवशी फोन. उशीर झाला तर उजवाही जाणार. मी म्हटलं, आत्या, हे माझ्यावर सोड. ती म्हणाली, मग बघायलाच नको.

४ मार्च, सकाळी ७
तक्ता आत्यासमोर धरला. रेषा सरळ. वहीत ‘सरळ’ लिहून सही ठोकली. मेडिकल लाइनला मी आधीच जायला हवं होतं.

६ मार्च, ९.४०
उठायला उशीर. आत्या बाहेर गेलेली. परवा सरळ होत्या, आज कुठे जातायत. ‘सरळ’ लिहिलं. कालचंही.

८ मार्च
नवा संकल्प : घरासाठी काहीतरी भरीव. आत्याच्या शिवणाच्या डब्यांना फळी. ड्रॉइंगला चौकटींचा कागद हवा होता. घरातच सापडला. तक्त्यावर हलक्या हाताने पेन्सिल चालवली.

९ मार्च, रविवार
फळी बसली. सपाटी बघायच्या लेव्हलचा बुडबुडा बरोबर मधोमध. आत्याला बोलावलं. दारातूनच म्हणाली, मधे पोट आलंय. कुठे म्हटलं, तर म्हणे चाळीस वर्षं कापड बेतलंय, वाकडं मला लांबून कळतं. वर हेही ऐकवलं की तुझ्या हातून आजवर सरळ काय झालंय. खडूस बाई.
वहीत : सरळ. (रेषा.)

१० मार्च
लेव्हल बिघडलेली आहे. ज्यांची होती त्या शेजारच्या काकांना तसं सांगितलं. त्यांनी लेव्हल परत मागितली. दिली नाही. आता डोळ्याच्या अंदाजाने नवी भोकं पाडली. आत्या म्हणते, पोट वाढलं.

१२ मार्च
तिसरी भोकं. आत्याने तक्त्याचं विचारलं. म्हटलं, तो कामात आहे. मग म्हणाली, दाराची चौकटही तूच हलवलीस का, तीही वाकलीय. चौकटीला मी बोटसुद्धा लावलेलं नाही. घरात काही झालं की खापर माझ्यावर. पुढच्या आठवड्यात दुसरीकडे खोली बघणार.

१५ मार्च
भिंतीची चाळण झाली. आत्याने माझा चहा कपाच्या शेजारी ओतला. हल्ली लक्ष नसतं तिचं. सांगणार होतो, पण ड्रिल गरम झालं होतं.
सरळ, सरळ, सरळ. तीन दिवसांचं एकदम.

१७ मार्च, सोमवार, दुपार
नेहमीची तपासणी. आत्या गेल्या वेळी भिंतीवरची एकसष्ट अक्षरं वाचू शकली होती. आज अठ्ठेचाळीस. मॅडमनी वही बघितली. चौदा दिवस ‘सरळ’. मग तक्ता मागितला. त्यावर फळी होती, मापांसकट.
रेषा कधीपासून वाकल्या, मॅडमनी विचारलं. आत्या म्हणाली, रेषा कुठल्या, याची फळी वाकली तेव्हापासून. तारीख तिला आठवेना. ती फक्त या रोजनिशीत होती. मॅडम म्हणाल्या, वाचा. नऊ तारीख मोठ्याने वाचली. ‘खडूस’ गाळायला गेलो, तर मॅडम शेजारून रोजनिशीत बघत होत्या.
आठ दिवस पडद्याखाली पाणी झिरपत होतं. लगेच इंजेक्शन दिलं. गेलेली अक्षरं सगळी परत येतील असं नाही.
रिक्षात आत्या म्हणाली, मला वाटलं वाकडा तूच. मी म्हटलं, मलाही वाटलं तूच.
घरी येऊन फळीवर लेव्हल ठेवली. बुडबुडा पार कडेला. आत्या म्हणाली, पहिल्या भोकांवर परत बसव, रोज तिच्याकडेच बघत जाईन. म्हटलं, उद्या सकाळी सातला. नक्की.

१८ मार्च, १०.५०
उठलो. फळी बसलेली होती. भोकं बोटांनी शोधली, आत्या म्हणाली, स्क्रूही बोटांनीच.
लेव्हल ठेवून बघितली. बुडबुडा मधोमध.
मग तिने मला विचारलं, काका लेव्हल मागायला आले होते, काय सांगू?