तात्यांचा पाइप

तीर्थरूप आईस,
लुंगीतल्या लेकाचा नमस्कार.

लुंगीतला, कारण इथं नाशकात सोसायटीनं आगीचा सराव म्हणून मला भर दुपारी झोपेतून उठवून सगळे जिने उतरवले. एवढा अन्याय वैऱ्यावरही होऊ नये.

आपल्याकडं ज्या पालिकेचा बंब यायचा, तिनं बंबाच्या ड्रायव्हरचे पैसे स्वागतकमानीला दिले म्हणे; आता बंब जागेवरच उभा. विरोधकांनी विचारलं, तर एक सदस्य म्हणाले, “आग काय रोज लागती व्हय?” पेपरात वाचून हसलो. मग तुझ्या घराला टेकलेला ऊस आठवला आणि त्यावर लोंबणाऱ्या तारा. वाऱ्यात ठिणग्या पडतात का गं? खरं सांग.

मागच्या आगीत शेजारच्या कुंडलिकतात्यांनी विहिरीच्या मोटारीला पाइप जोडून आपलं घर वाचवलं. तोच पाइप मी गाडी धुवायला मागून आणला होता. ही चिठ्ठी त्याच्याच गुंडाळीत ठेवून बारामतीच्या एसटीत टाकतोय. तात्यांना दे. एक टोक मोटारीला जोडूनच ठेवा म्हणावं.

तुझा,
ज्ञानेश