कोरडी खोली

सेमारांग, २ जुलै १९८६

चि. मुरीस,
अ. उ. आ. वि. वि. तुझी तार मिळाली. आई गेल्याचं तुला इतक्या उशिरा कळलं, त्याला तू काय करणार आणि मी तरी काय करणार. बोट नव्हती, रजा नव्हती. थोरली बहीण म्हणून सांगते, पोटभर रडून घे आणि मग हे पत्र नीट बसून वाच. ही हकिगत तुला तिसऱ्याच कुणाकडून कळायला नको.

आई सकाळी गेली, चहा अर्धा टाकून. शांत गेली, तेवढं सुख मान. पण दुपारी भरतीचं पाणी घरात येणार हे मला दिसत होतं. हल्ली रोजच येतं. का येतं, ते ऐक. तुझ्या लाडक्या पाकदे रस्माननी, आपल्या बाबांच्या सख्ख्या थोरल्या भावाने, लेकीच्या, तितिकच्या लग्नासाठी स्वतःच्या घराची जमीन हातभर उंच करून घेतली. एकट्याने! आजोबा या बंदरावर साखरेची पोती वाहायचे तेव्हापासून आपली गल्ली जमिनी उंचावत आली आहे. समुद्र वर येतो, शहर खाली बसतं, त्याला इलाज नाही. पण उंचावायचं ते सगळ्यांनी एकाच हंगामात, एकमेकांच्या मातीच्या टोपल्या वाहून. एकाने उंच केलं की त्याच्या वाटचं पाणी शेजाऱ्याच्या घरात शिरतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि हे तर गल्लीचे प्रमुख! मी विचारायला गेले तर म्हणाले, नवऱ्या मुलाकडचे लोक वरच्या शहरातले, टेकडीवरचे, त्यांना काय पाण्यात उभं करू?

म्हणून आई गेल्याबरोबर मी त्यांच्याच दारात गेले. लग्न त्याच दिवशी, मांडव सजलेला. म्हटलं, आईला अंघोळ घालायला समोरची खोली तासभर द्या, माझ्या घरात पाणी चढतंय. ते उंबऱ्यातच उभे राहिले. म्हणाले, लग्नघरात मयत कसं आणू, तूच सांग. मला आतसुद्धा घेतलं नाही.

मग काय! दोन बाकं मांडली, त्यावर मागचं दार काढून आडवं टाकलं, आईला त्यावर निजवलं, आणि आम्ही चौघी बायकांनी पोटरीभर घाण पाण्यात उभं राहून तिला अंघोळ घातली. गोडं पाणी डब्यांनी विकत आणलेलं, ते तिच्या अंगावरून ओघळून त्या खाऱ्या पाण्यात पडत होतं. कुणाची तरी चप्पल आणि कोंबडीची पिसं तिच्या खालून तरंगत गेली. भिंतीपलीकडे लाउडस्पीकर चालू. मयत आहे म्हणून आवाज तेवढा कमी केला, एवढी त्यांची मेहेरबानी.

मुरी, त्या माणसाच्या घरात पाणी घातल्याशिवाय आणि त्याने काय केलं ते सगळ्यांसमोर त्याच्याच तोंडून वदवून घेतल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. तू मला समजावायला जाऊ नकोस.

वेळेवर जेवत जा. माझी माया आहे ती आहेच, तुझ्याकडची पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
म्बाक वुर


बांजारमासिन, २७ जुलै १९८६

ती. म्बाक वुर,
सलाम वि. वि. तुझं पत्र वखारीच्या मागे बसून वाचलं. वाचून झाल्यावर एक ओंडका दिसला त्याला लाथा घालत सुटलो. मुकादमाला वाटलं मला ताप चढला. पाकदे समोर असते तर मी वय पाहिलं नसतं.

आणि तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही, ती तुझ्यापासून कशाला लपवू. बाबा गेल्यावर याच माणसाने मला खांद्यावर बसवून बंदरावर नेलं होतं. आपलं बंदर कसं चिखलाचं, मोठी जहाजं कशी लांब उभी राहायची आणि होड्या सगळा माल कशा ये-जा करून उतरवायच्या, ते त्यांनीच सांगितलं. डच साहेबांच्या वखारी दाखवून म्हणाले होते, साहेब गेले, त्यांच्या भिंतीही चिखलात रुतायला लागल्या, पण आपण आहोत, कारण आपण एकमेकांना धरून वर चढतो. तोच माणूस असं कसं वागला? टेकडीवरच्या व्याह्यांपुढे इतकी चड्डी पिवळी व्हावी?

तुला समजावत नाही, बाई. तुझ्यापुढे कुणाचं चाललंय! फक्त सांभाळून. इथे नदीवर घरंच तरंगती आहेत, पाणी चढलं की सगळी एकदम चढतात, त्यामुळे भांडायचं तर नुसत्या तोंडाने भांडावं लागतं. तुला हे गाव अजिबात मानवणार नाही.

पगारातून थोडं पाठवतो आहे, आईच्या नावाने जेवण घाल. जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझा,
मुरी


सेमारांग, १६ नोव्हेंबर १९८६

चि. मुरीस,
अ. उ. आ. वि. वि. आईच्या नावाने जेवण घातलं. गल्लीतले सगळे आले. पाकदेही आले आणि दोनदा वाढून घेतलं, त्यांच्या घशाखाली उतरलं तरी कसं देव जाणे.

आता बातमी. मी जमीन उंचावते आहे. एकटी. कुणाला न विचारता. कानातले विकले, टेकडीवरची लाल माती आणवली. ट्रक गल्लीत शिरत नाही, म्हणून तोंडाशी ओतून घेतली आणि मजुरांच्या बरोबरीने मीही टोपल्या वाहिल्या. मासे धुरावून धुरावून नारळाच्या करवंट्यांची राख परसात साठली होती, तीही घातली. म्हटलं, माझ्या धंद्याची राख त्यांच्या कामी येऊ दे! जमीन आता त्यांच्यापेक्षा गुडघाभर वर आहे.

मातीने आधीची लादी झाकताना मला जरा भरून आलं. कोपऱ्यात नीट बसण्यासाठी थोडं खणलं, तर आईने घातलेल्या लादीखाली बाबांचं सिमेंट, त्याखाली आजोबांच्या लाल फरश्या. एकेका पिढीचं घर खालच्या घरावर उभं आहे. रडणं आवरलं आणि वर माती लोटली.

छप्पर उंचवायला पैसे नाहीत, तेव्हा दार आता खुजं झालं आहे. आत येणाऱ्याला कमरेत वाकावं लागतं. तू तर आईच्या सगळ्या लेकरांत उंच, चांगलाच टेंगूळ घेऊन जाशील. पाकदेंनी ते दार पाहिलं आणि विचारलं की हा काय प्रकार आहे. मी म्हटलं, पाहुणे यायचे आहेत. ते काय समजायचं ते समजले.

सर्दी अंगावर काढू नकोस. आठवण येते तशी पत्रंही येऊ देत.
तुझी,
म्बाक वुर


बांजारमासिन, ८ एप्रिल १९८७

ती. म्बाक वुर,
सलाम वि. वि. तुला राग येणार हे ठाऊक असूनही लिहितो. पाकदेंचं मला पत्र आलं. अक्षर पार वेडंवाकडं झालं आहे. लिहितात की पाणी आता रोज त्यांच्या खाटेच्या पायांना लागतं, बुदे काकू टेबलावर चूल मांडून स्वयंपाक करते, त्यांचा दमा वाढला आहे, तितिकच्या सासरचे दोन दिवससुद्धा ठेवून घ्यायला तयार नाहीत. आणि विनवलं आहे की वुरला सांग, तिच्या दारापासून पन्हळ काढून पाणी नाल्याला लावू दे. आईबद्दल मात्र एक शब्द नाही. मी पत्र चार वेळा उलटसुलट करून पाहिलं.

म्हणून मी त्यांना उत्तर पाठवलेलं नाही. पण म्बाक, झालं ना आता तुझं? पाणी घातलंस. बुदेने तर तुझं काही बिघडवलं नव्हतं, तीही त्यात उभी आहे. रोजे संपले की ईद आहे. त्या दिवशी सगळे एकमेकांची माफी मागतात, त्यात तुमचंही उरकून टाका. माझी रजा पुन्हा नामंजूर झाली, नाहीतर मीच मध्ये बसलो असतो.

चिडलीस तरी लिही. तुझा राग चालेल, अबोला नको.
तुझा,
मुरी


सेमारांग, २० एप्रिल १९८७

चि. मुरीस,
आशीर्वाद. उरकून टाका म्हणतोस? आईची अंघोळ आम्ही उरकली होती. तसं उरकणं पुन्हा नको.

बुदेचं खरं आहे, तिच्याकडे बघवत नाही. तिला मी रोज मासे पाठवते. पण पन्हळ काढू देणार नाही. दोन गोष्टींतली एक झाली आहे, दुसरी बाकी आहे. पत्रात एक शब्द नाही असं तूच लिहितोस ना? मग तो शब्द बाहेर येईपर्यंत पाणी तिथेच राहील.

गोळ्या पाठवल्या आहेत, दाढ दुखली की घे.
म्बाक वुर


सेमारांग, ५ जून १९८७

चि. मुरीस,
ईदचे अ. उ. आ. वि. वि. तुझं कापडाचं पार्सल पोचलं. रंग माझ्या वयाला भडक आहे, पण नेसले.

आता जे झालं ते सगळं लिहिते. दरवर्षी ईदला सगळे थोरल्यांच्या घरी, म्हणजे पाकदेंकडे जमतात. या वर्षी दुपारच्या भरतीत त्यांच्या घरात गुडघाभर पाणी. आदल्या संध्याकाळी बुदे माझ्याकडे आली. खाली मान घालून म्हणाली, माणसं कुठे बसवू, तुझी समोरची खोली देशील का. मी लगेच हो म्हटलं. इतकं लगेच की ती दचकली.

सगळे आले. केंदालचे काका, आपले चुलतभाऊ, तितिक आणि तिचा नवरा, पोराटोरांसकट खोली गच्च. शेवटी पाकदे आले. वाकून आत येताना त्यांना असा दम लागला की दोघांनी काखेत धरून आणलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

मग नमस्काराची वेळ झाली. कसं चालतं तुला माहीत आहे. थोरले खुर्चीत, धाकटे ओळीने गुडघ्यावर. हात धरायचा, डोकं टेकायचं, कळत नकळत झालेलं सगळं माफ करा म्हणायचं. थोरले म्हणतात, माझंही चुकलं असेल, मलाही माफ करा. झालं, पुढचा! कुठली चूक, कुणाची, अवाक्षर नाही. वर्षभराचा कचरा एका वाक्याखाली लोटायचा आणि नारळाच्या रसातल्या कोंबडीवर ताव मारायचा. आजवर कुणी त्या दिवशी चुकीचं नाव घेतलेलं नाही.

माझी पाळी आली. मी हात धरला आणि सोडला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, पाकदे, तुमच्या घरात आत्ता जे पाणी आहे ते मी मुद्दाम घातलं. एकटीने जमीन उंचावली, गल्लीची रीत मोडली, बुदेलाही त्रास दिला. ही माझी चूक, तिची माफी मागते. आता तुमची कुठली, ते तुम्ही सांगा.

बुदे म्हणाली, आजच्या दिवशी असं काढायचं नसतं गं. केंदालचे काका माझा खांदा ओढायला लागले. मी म्हटलं, पाणी उतरायला संध्याकाळ होईल, कुणालाच कुठे जायचं नाही, मी अशीच बसते. पाकदेंनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. त्यांच्या हातात जोर उरलेला नाही, मुरी. मग ते तितिकच्या नवऱ्याकडे बघत राहिले, आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला.

शेवटी म्हणाले. पुटपुटले. मी म्हटलं, दाराशी बसलेल्यांना ऐकू आलं नाही. मग मोठ्याने म्हणाले की सुतिनाच्या अंघोळीला मी खोली दिली नाही, पाणीही माझ्यामुळेच आलं होतं, तिला त्या पाण्यावर अंघोळ घालावी लागली. आईचं नाव त्यांच्या तोंडून मी वर्षाने ऐकलं. तितिक रडायला लागली, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी विचारलं, माफ केलंस का. मी उठले आणि सगळ्यांची पानं वाढायला घेतली.

तू विचारशील, मन निवलं का. थोडं निवलं. जितकं वाटलं होतं तितकं नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः पन्हळ खणायला माणूस लावला, पण त्यांच्या भिंती आता कामातून गेल्या आहेत, छातीइतक्या उंचीपर्यंत ओल चढली आहे. तितिक त्यांना न्यायला तयार होती, तिच्या सासऱ्यांनी नकार दिला. तेव्हा पाकदे आणि बुदे माझ्याच समोरच्या खोलीत झोपतात. मी रोज गरम भात वाढते, दम्याचा काढा देते, पाय चेपते. लोक म्हणतात, वुर किती चांगली. पाकदे तसं म्हणत नाहीत.

काल जेवण झाल्यावर बुदे भांडी घासायला मागे गेली होती. त्यांनी मला हाक मारली. मग हळूच विचारलं, वुर, माझी वेळ आली की मला अंघोळ घालायला ही खोली देशील ना?

मी त्यांचं पांघरूण नीट केलं आणि म्हटलं, तेव्हा विचारा.

रजा मिळाली तर ये. मी जशी आहे तशीच मला आपली म्हण.
तुझी,
म्बाक वुर