थोरल्याच्या पाण्यात मीठ

आदरणीय भावोजी,

आपल्या एकुलत्या एका मेव्हण्याचा लांबूनच, पण कमरेतून वाकून नमस्कार. (कंबर माशांची टाकी सरकवताना धरली आहे, त्यामुळे एकदा वाकलो की बराच वेळ वाकलेलाच राहतो. नमस्कार नेहमीपेक्षा मोठा समजावा.) तब्येत कशी आहे? टाके सुकले का? भाचीच्या घरी झोप लागते का, की जावई अजून रात्री मोठ्यानं टीव्ही लावतो? इकडे आम्ही सर्व खुशाल. आई खुशाल, सौ. खुशाल, मासे खुशाल. यातलं शेवटचं वाक्य मी ताईच्या हुकमावरून लिहिलं आहे. माशांबद्दल काळजीचं एक अक्षर जरी तुमच्या कानावर गेलं तर बहीण-भावाचं नातं विसरेन, असं तिनं मला फोनवर दोनदा सुनावलंय. तेव्हा तिचा मान राखून झाला. आता पुढचं जे आहे ते माझ्या जबाबदारीवर वाचा, आणि वाचताना उशीला टेकून बसा.

तुम्हाला आठवत असेल किंवा नसेल. ऑपरेशनच्या दिवशी तुम्हाला स्ट्रेचरवरून आत नेत होते. ताई न रडण्याचं ठरवून रडत होती आणि मी तुमच्या चपला हातात धरून मागून चालत होतो (त्या माझ्याकडे कोणी दिल्या ते अजून कळलेलं नाही). अगदी दाराशी तुम्ही माझं मनगट घट्ट धरलंत, जवळ ओढलंत आणि म्हणालात, “थोरल्याच्या पाण्यात मीठ…” आणि दार बंद झालं. भावोजी, घालू की नको? माणसानं असं अर्ध्यावर सोडून जाऊ नये हो. त्या दाराबाहेरच्या बाकावर बसून मी दुसऱ्याही अर्थानं हेच म्हणत होतो, पण ते जाऊ दे. तुम्ही शुद्धीवर आलात, आम्ही पेढ्याऐवजी एकमेकांना पाणी पाजलं, आणि त्याच संध्याकाळी ताईनं माशांचा विषय बंद केला. तेव्हापासून ते अर्धं वाक्य माझ्याकडे आहे, आणि तुमचे दोन गोल्डफिशही, मोठा केशरी थोरला आणि फिकट धाकटा. ज्यांना तुम्ही सख्खे भाऊ म्हणता ते आमच्या बाहेरच्या खोलीत, चपलांच्या कपाटाशेजारी राहतात.

आता तुम्ही जाणताच की माझा जन्म वजनमापं तपासण्यात गेला. दुकानातला काटा राईएवढा झुकला तरी मला लांबून दिसतो. अशा माणसाला मिठाचा निर्णय किती सोपा! मी सरळ मासेवाल्याच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, घालून टाका साहेब, माशाला बरं असतं. किती घालू, विचारलं. तर म्हणाला, अंदाजानं! (माझ्या तोंडावर, भावोजी. अंदाजानं!) घरी परतताना खालच्या मजल्यावरच्या शाळामास्तरीणबाई जिन्यात भेटल्या. त्या विज्ञान शिकवतात आणि जिन्यातही शिकवतात. त्या म्हणाल्या, मुळीच घालू नका, हा गोड्या पाण्याचा मासा, धडधाकट असेल तर त्याला मिठाची गरजच नाही, आणि मुख्य म्हणजे पाणी उडून जातं पण मीठ टाकीतच राहतं. कमी झालेलं पाणी भरताना दर वेळी मीठ घालत गेलात तर महिन्याभरात बाहेरच्या खोलीत समुद्र होईल. मला हेही पटलं. माझा स्वभावच तसा आहे, शेवटी जो बोलेल त्याचं पटतं. म्हणून मी मासेवाल्याच्या समाधानासाठी मीठ घातलं आणि बाईंच्या समाधानासाठी अर्धाच चमचा घातला, आणि दोघांनाही फसवल्यासारखं वाटून दिवसभर ऑफिसात कोणाच्या काट्याकडे धड बघू शकलो नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण आमच्या घराची मिठाची रीत तुम्ही लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात सोसलेली आहे. आमच्यात भाजी अळणी झाली तर कोणी तसं म्हणत नाही. करणाऱ्याचा अपमान होतो. ज्याला अळणी लागेल त्यानं पाणी आणायच्या निमित्तानं उठायचं, स्वयंपाकघरात जायचं आणि गुपचूप कढईत चिमूटभर टाकून यायचं. जेवायला पाच माणसं असली की पाच जण पाणी आणायला उठतात, आणि मग सगळ्यांना खरोखरच पाणी लागतं. मी बाहेरच्या खोलीत बसून माशांकडे बघत सुस्कारे सोडतो आहे हे घरानं पाहिलं आणि मिठाची गोष्ट कानावर आलीच. झालं! आईला वाटलं, हा भित्रा, ह्याच्यानं काही घातलं जाणार नाही. तिनं बरणीतले खडे टाकले. सौ.ला वाटलं, ह्या दोघांना आठवण कुठली राहायला. तिनं पिशवीतलं बारीक मीठ टाकलं. आणि कोणी कोणाला विचारलं नाही, कारण विचारायचं नसतं.

हे उघडकीला आलं ते पाणी गढूळ झाल्यावर. मला धास्ती बसली की माझा अर्धा चमचा बाधला. मी दुपारी सगळे झोपलेले पाहून एक बादली पाणी काढलं आणि साठवणीतलं गोडं पाणी ओतलं. तर आईनंही सकाळी तेच केलं होतं, आणि सौ. संध्याकाळी करत असताना मी तिला रंगेहाथ पकडलं. (बादली माझ्याच हातात का होती, ते सांगायला मला जरा वेळ लागला.) मग तिघंही टाकीभोवती उभे राहून कबुलीजबाब देऊ लागलो. मी कागद घेऊन हिशेब मांडायला बसलो, पण आई मूठ म्हणाली, सौ. म्हणाली थोडंसंच, बादल्या नेमक्या किती ते कोणाला सांगता येईना, आणि मीठ आधी पडलं की पाणी आधी निघालं यावर सासूसुनांत जुंपली. शेवटी एकच उपाय उरला. चव घेतली. आई चूळ टाकून म्हणाली, किंचित कमी आहे. सौ. म्हणाली, खारट. मला शेवाळाखेरीज कशाचीही चव लागली नाही. सरकारनं मला तीस वर्षं अचूकपणाबद्दल पगार दिला, भावोजी, आणि माझ्या घरातल्या एका टाकीत काय आहे ते मला माहीत नाही.

त्यात थोरल्याच्या गालफडांवर पांढरे ठिपके आले. बारीक, अगदी मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे. आई म्हणाली, बघा, मीठ जास्त झालं, अंगावर साठलं. मासेवाला फोनवर म्हणाला, पांढरे ठिपके? रोग आहे, मीठ कमी पडलं. आणि तो शांत, सभ्य, वडीलधारा थोरला धाकट्याच्या मागे लागला! टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाठलाग, कोपऱ्यात गाठून पोटाला ढुशा. मला वाटलं, खारट पाण्यानं डोकं फिरलं. सौ. म्हणाली, भाऊच ते, वाटणीवरून चाललं असेल. मी मात्र हादरलो. ताई सांगते, तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून असता, दोन घास खाऊन ताट सरकवता, फिरायला नेलं तर दारातून परत येता. दिवसात एकच प्रश्न विचारता, थोरला कसा आहे? आणि मी पलीकडून दर वेळी सांगतो, ठणठणीत! फोन ठेवला की पुन्हा टाकीपाशी जाऊन ठिपके मोजतो. त्याला काही झालं तर तुम्हाला मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

न राहवून ताईला आडून विचारलं, की स्ट्रेचरवर भावोजी मिठाबद्दल जे बोलले त्याचा रोख काय असावा. ती एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, अरे, त्यांना इंजेक्शन दिलेलं होतं. त्याच्या आधी त्यांनी मला पोस्टातल्या बाई समजून पावती मागितली, आणि वॉर्डबॉयला पुढच्या चौकात डावीकडे घ्या म्हणाले. म्हणजे भावोजी, ज्या आज्ञेपायी आम्ही तिघं टाकीचं पाणी प्यायलो ती आज्ञाच नव्हती. की होती? पावती मागणारा माणूस मिठाचं खरं बोलत असू शकतो. मी अजून ठरवलेलं नाही.

अखेर मास्तरीणबाईंना वर बोलावलं. त्या भिंग घेऊन आल्या, बराच वेळ थोरल्याकडे बघत बसल्या आणि मग जरा लाजल्याच. ठिपके फक्त गालफडांवर आणि पुढच्या परांवर आहेत, अंगभर नाहीत, तेव्हा हा रोग नाही. गोल्डफिश नर जोडीदार शोधू लागला की त्याला असे दाणे येतात म्हणे. त्याला मीठ नको, औषध नको. आणि ढुशा कशाच्या ते तुम्ही समजून घ्या. धाकटा थोरल्याचा सख्खा भाऊ नाही, भावोजी. धाकटी आहे. हे ऐकल्यावर आईनं डोक्यावरून पदर घेतला, आणि मी टाकीसमोरची खुर्ची दुसरीकडे वळवली. मीठ आता हळूहळू, रोज थोडं थोडं पाणी बदलून काढतो आहोत, आणि तेही एकमेकांना सांगून.

बाकी काही विशेष नाही. सर्वांचा नमस्कार. औषधं वेळेवर घ्या.

आपला,
मेव्हणा

ता. क. पत्र चिकटवायच्या आधी सौ.नं हाक मारली. टाकीतल्या वनस्पतीच्या पानांना साबुदाण्याहून बारीक, पारदर्शक मणी चिकटले आहेत. अंडी! आणि बाप ती एकेक करून खातोय. आम्ही ती वनस्पती उचलून टाकीतल्याच पाण्यासकट कपड्यांच्या टबात ठेवली आहे. आता तो टब मधल्या खोलीत असून त्याच्या दोन हात परिसरात मीठ घेऊन जायला सर्वांना बंदी आहे.

ता. क. २. हे खरं लिहायचं होतं, वरचं सगळं ते लिहायचं धाडस होईना म्हणून लांबलं. पिल्लं निघतील का, निघाली तर जगतील का, मला माहीत नाही, आणि मासेवाल्याला विचारायचं आता मी सोडलं आहे. जगली तर ती आधी मळकट काळपट असतात, बाई सांगतात. केशरी रंग यायला कितीतरी महिने लागतात, आणि कोणाला रंग येईल, कोणाला नाही, हे आधी सांगता येत नाही. आमच्याकडे यायचं तर लिफ्ट नाही, दोन जिने आहेत. डॉक्टर म्हणाले होते की दोन जिने न थांबता चढता आले की तुम्हाला प्रवासाला सोडू. तेव्हा आजपासून भाचीच्या जिन्यावर सुरुवात करा. पहिल्या दिवशी चार पायऱ्या चढून बसलात तरी मला कळवा. मी तुम्हाला ठणठणीत म्हणणार नाही, तुम्हीही मला म्हणू नका. मला फार भीती वाटली होती, भावोजी. रंग येण्याची वाट बघत त्या टबापाशी माझ्यानं एकट्यानं बसवणार नाही.