आमची धाकटी बरी झाली

प्रिय धाकटे,

टाके सुकले, पोळ्याही लाटते आहेस, हे तुझ्या नवऱ्याकडून कळलं. पोळ्या कशाला? खाटेवर पडून हुकूम सोडायची इतकी छान संधी पुन्हा मिळायची नाही, वेडे!

आज तुला आमच्या बडबड्याची गोष्ट सांगायची आहे. दर शनिवारी आम्ही चर्चची माणसं बसस्थानकावर चहा घेऊन जातो, माहीत आहे ना तुला? तिथे मागच्या बाकावर एक माणूस असायचा. तोंडातून अवाक्षर काढायचा नाही, म्हणून ड्रायव्हर मंडळींनी नाव ठेवलं बडबड्या. आम्ही त्याला चहा द्यायचो, ‘देव तुमच्यावर प्रेम करतो’ म्हणायचो आणि पुढे सरकायचो.

तुझं ऑपरेशन होतं तोही शनिवारच. माझे हात इतके थरथरत होते की किटलीचं झाकण पडून घरंगळत गेलं. त्याने ते उचललं, सदऱ्याला पुसलं आणि चक्क विचारलं, “काय झालं, बाई?” मला रडूच फुटलं. म्हटलं, माझ्या धाकट्या बहिणीला आत घेतलंय, तुम्ही प्रार्थना कराल का तिच्यासाठी? तो माझ्याकडे बघतच राहिला. आम्ही सगळे त्याला काही ना काही द्यायला जायचो. त्याच्याकडे मागायला कुणी गेलंच नव्हतं. मग उठून त्याने टोपी काढली. म्हणाला, “देवा, या बाईंची धाकटी आत आहे. माझं ऐकतोस की नाही, ठाऊक नाही. पण आज ऐक.” एवढंच. आणि माझे हात थांबले गं.

पुढच्या शनिवारी स्वारी फाटकातच उभी! “धाकटी कशी आहे?” बरी आहे म्हटल्यावर गडी बाकावर चढून ओरडला, “आमची धाकटी बरी झाली!” ड्रायव्हरांनी टाळ्या काय वाजवल्या, एकाने तर बसचा हॉर्नच वाजवला. तेव्हापासून लोक त्याला आपापलं सांगायला येतात. कंडक्टरच्या सुनेचं बाळंतपण, झाडूवालीच्या नवऱ्याचा खोकला, सगळं त्याच्या ध्यानात. एका रविवारी तर तो आपणहून उपासनेला आला आणि तुझ्या भावजींच्या उपदेशात मोठ्याने ‘बरोबर!’ म्हणाला. भावजी अजून त्याच तोऱ्यात आहेत.

येत्या रविवारी त्याचा बाप्तिस्मा आहे. भावजींनी विचारलं, घरचं कुणाला बोलवायचं? त्याने टोपी काढली. मग म्हणाला, “माझं कुणी नाही. पण धाकटीला बोलवाल? रोज तिच्यासाठी मागतो, एकदा बघेन तरी.” म्हणून हे पत्र. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली आहे, मी त्यांनाच फोन करून विचारलं. तेव्हा सबबी नकोत, पोळ्या नवऱ्याला लाटू दे. तू बडबड्याच्या घरची म्हणून यायचं आहेस.

वाट बघणारी, तुझीच
ताई